नाव खोडलेले साक्षीदार

मार्च 1572 संपत आला होता. स्पेनमधल्या वायादोलिद शहरी इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या धर्मन्यायासनाच्या कोठडीत नुकत्याच आणलेल्या एका कैद्याने न्यायाधीशांकडे सामानाची यादी पाठवली. मरियेचं चित्र किंवा क्रूसमूर्ती. संत ऑगस्टिन आणि संत बर्नार्ड यांचे ग्रंथ. स्वतःच्या अंगावर ओढून घ्यायचा आसूड. मेणबत्तीची वात कापायची कात्री. माद्रिगालच्या मठातली एक धर्मभगिनी मनाच्या उदासीवर आणि काळजाच्या दुखण्यावर एक पूड करून पाठवत असे, ती. कारण ती पूड तिच्याशिवाय कुणाला जमत नाही. आणि जेवताना अन्न कापायला एक सुरी. कोठडीतल्या माणसाने सुरी मागितली की तुरुंगाधिकाऱ्याच्या मनात काय येतं हे कैद्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने पुढे लिहिलं की सुरी द्यायला काही भीती नाही, जगण्याची आणि अंगातल्या बळाची इच्छा मला आत्ता आहे तेवढी कधीच नव्हती.

हा कैदी म्हणजे फ्राय लुईस दे लेओन. ऑगस्टिनियन संघाचा धर्मगुरू, सालामान्का विद्यापीठात धर्मशास्त्राचा प्राध्यापक, हिब्रूचा जाणकार आणि स्पॅनिश भाषेतल्या मोठ्या कवींपैकी एक. वय चव्वेचाळीसच्या आसपास. त्या कोठडीत तो पावणेपाच वर्षं राहिला.

पाखंडाचा खटला म्हटला की आपल्याला चिता आठवते: कॉन्स्टन्सला जाळलेला यान हुस, रोमला जाळलेला जोर्दानो ब्रूनो. लुईसच्या खटल्यात चिता नाही. त्यात कागद आहेत, हजारो ओळींचे. 1847 साली हे कागद छापून निघाले, म्हणून आज हा खटला आतून वाचता येतो. मला तो हुसच्या खटल्यापेक्षा जास्त शिकवणारा वाटतो. हुसला जाळणाऱ्यांना आपण काय करतो आहोत हे स्पष्ट दिसत होतं. इथे मात्र एका विद्यापीठातली भांडणं पद्धतशीरपणे, पायरी पायरीने पाखंडाच्या आरोपात कशी बदलली, ते सहीशिक्क्यानिशी नोंदलेलं आहे.

भांडणांचं मूळ समजायचं तर आधी सालामान्कातली नेमणुकीची रीत पाहायला हवी. अध्यासनं निवडणुकीने भरत आणि मतदार असत विद्यार्थी. उमेदवारांसमोर नेमलेला ग्रंथ तीन ठिकाणी उघडला जाई. त्यातला एक उतारा निवडून उमेदवाराने दुसऱ्या दिवशी त्यावर व्याख्यान द्यायचं आणि प्रतिस्पर्ध्यांनी त्यातल्या चुका काढायच्या. मग मतदान. डोकी मोजून काम भागत नसे. विद्यार्थ्याने त्या विषयाची किती वर्षं पुरी केली, त्याच्याकडे पदवी कोणती, यावर त्याच्या मताचं वजन ठरे. काही अध्यासनं तहहयात, काही फक्त चार वर्षांची. चार वर्षांची मुदत सरली की पुन्हा आखाड्यात उतरायचं. उमेदवाराच्या पाठीशी त्याचा अख्खा संघ, म्हणजे त्याचा मठवासी पंथ, उभा राही, त्यामुळे कुणी एक माणूस हरला असं होत नसे. डोमिनिकन हरत, ऑगस्टिनियन जिंकत. हरलेले आणि जिंकलेले दुसऱ्या दिवशी त्याच ओवरीत एकमेकांना नमस्कार करत.

अशा ठिकाणी लुईसने 1561च्या डिसेंबरात संत थॉमसच्या नावाचं अध्यासन जिंकलं. थॉमस अक्वायनस हा डोमिनिकनांचा माणूस, त्यामुळे हे त्यांना जास्तच झोंबलं. 1565 साली लुईसने दुरांदूस या मध्ययुगीन धर्मशास्त्र्याच्या नावाचं अध्यासनही मिळवलं. त्यात त्याचा स्वभाव. जीभ तिखट, समोरच्याचं अज्ञान चारचौघांत दाखवून द्यायची खोड. त्याच्या कवितांमधला शांत, एकांतप्रिय माणूस आणि खटल्याच्या कागदांतला हा तापट मास्तर एकच आहे, यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. मला दोन्ही खरे वाटतात. ज्याला शांतता सहज मिळते तो तिच्यावर इतक्या कविता लिहीत नाही.

आता वादाचा मुद्दा. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने 8 एप्रिल 1546 रोजी ठराव केला की बायबलचं व्हल्गेट हे जुनं लॅटिन भाषांतर चर्चसाठी अधिकृत मानावं. या भाषांतराचा मोठा भाग संत जेरोमने सुमारे इ.स. 400च्या आगेमागे केलेला. ‘अधिकृत’ म्हणजे नेमकं काय, इथे फाटे फुटले. एका बाजूचं म्हणणं असं की लॅटिनमधला शब्द न् शब्द पवित्र आत्म्याने राखलेला आहे, हिब्रूशी ताडून पाहायची गरजच नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की श्रद्धेच्या आणि आचाराच्या बाबतीत व्हल्गेट वाचकाला चुकीच्या वाटेला नेणार नाही एवढीच परिषदेची हमी आहे. बाकी ते माणसाने केलेलं भाषांतर आहे, काही ओळी हिब्रूत अधिक स्वच्छ आहेत आणि काही आणखी नेमक्या करता येतील. लुईस दुसऱ्या बाजूचा. हे तो चोरून बोलत नव्हता. 1567-68 सालच्या वर्गातच त्याने ते शिकवलं होतं आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांत ते उतरलेलं होतं. त्याच्यासोबत गास्पार दे ग्राहाल आणि मार्तीनेस दे कान्तालापिएद्रा हे आणखी दोन हिब्रू जाणणारे प्राध्यापक होते.

पलीकडे लेओन दे कास्त्रो, ग्रीकचा वयोवृद्ध प्राध्यापक. त्याचा सिद्धान्त असा की ज्यू पंडितांनी हिब्रू पाठ मुद्दाम बिघडवला आहे, तेव्हा हिब्रूवर भिस्त ठेवणं म्हणजेच ज्यूंच्या नादी लागणं. सालामान्कातल्या एका पुस्तकविक्रेत्याला वाताब्लूस या फ्रेंच हिब्रू पंडिताच्या टिपांचं बायबल पुन्हा छापायचं होतं. ते तपासायला विद्यापीठाने मंडळ नेमलं आणि या मंडळात हे सगळे एका टेबलाभोवती बसले. बैठकींत आवाज चढत. एकदा लुईस कास्त्रोला म्हणाला की तुझं यशया या संदेष्ट्यावरचं पुस्तक मी जाळायला लावीन. कास्त्रोने उलट सुनावलं की त्याआधी ती आग तुझ्या कानांना आणि तुझ्या कुळाला लागेल. यशयावरचा कास्त्रोचा तो जाडजूड ग्रंथ 1570 साली निघाला आणि पडून राहिला. खप नाही. खर्च अंगावर आला. याला लुईस आणि त्याची मंडळी कारणीभूत आहेत असं कास्त्रोच्या मनाने घेतलं. पडून राहिलेल्या पुस्तकाच्या लेखकाइतका धोकादायक शत्रू विद्यापीठात दुसरा नसतो.

‘तुझ्या कुळाला’ हे शब्द उगाच आलेले नव्हते. लुईसच्या पूर्वजांत धर्मांतरित ज्यू होते आणि घरातल्या आधीच्या पिढ्यांतल्या एका बाईला इन्क्विझिशनने शिक्षा केली होती. ग्राहालची कथाही तशीच. त्या काळच्या स्पेनमध्ये ‘नव्या ख्रिस्ती’ माणसाने हिब्रू शिकवणं आणि ‘जुन्या ख्रिस्ती’ माणसाने हिब्रू शिकवणं यात जमीनअस्मानाचं अंतर होतं. दुसऱ्याच्या बाबतीत ती विद्वत्ता होती. पहिल्याच्या बाबतीत रक्त उलटल्याचा पुरावा.

यात ‘गीतरत्ना’ची भर पडली. जुन्या करारातलं हे प्रेमकाव्य लुईसने 1561च्या सुमारास स्पॅनिशमध्ये आणलं, सोबत ओळीओळीचं विवरण लिहिलं. केलं ते इसाबेल ओसोरिओ या धर्मभगिनीसाठी. तिला लॅटिन येत नव्हतं. तिने वाचून वही परत केली. पण लुईसची खोली झाडणाऱ्या एका मठवासीने त्याच्या लिहायच्या पेटीतून ती वही काढली, चोरून नक्कल केली, त्या नकलेच्या नकला झाल्या आणि वही हाताबाहेर गेली. बायबल लोकभाषेत आणायला स्पेनच्या इन्क्विझिशनची बंदी होती. 1559च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीने ती आणखी कडक केली होती. त्यात लुईसचं विवरण आधी प्रियकर-प्रेयसीचा सरळ अर्थ सांगणारं. ख्रिस्त आणि चर्च यांचा रूपकार्थ त्याला मान्य होताच, पण कवितेतली बाई आधी बाई आहे, तिचे केस हे केस आहेत, हे समजल्याशिवाय रूपक उभं राहत नाही असं त्याचं म्हणणं. चौथ्या अध्यायाच्या पहिल्या ओळीचंच बघा. प्रेयसीचे डोळे कबुतरांसारखे आहेत, आणि पुढे व्हल्गेट म्हणतं, ‘आत जे दडलेलं आहे ते वेगळंच’. लुईसने लिहिलं, ‘तुझ्या केसांच्या बटांमधून’. आणि टीप दिली की हाच हिब्रू शब्द जेरोमने यशयाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात अगदी निराळ्या अर्थाने लावला आहे. म्हणजे जेरोमला जेरोमच्याच साक्षीने पकडलं. वर्गात अशा टिपेवर विद्यार्थी खूश होतात. फिर्यादीच्या कागदात तीच टीप ‘व्हल्गेटचा अवमान’ होऊन बसते.

1571च्या अखेरीस बार्तोलोमे दे मेदिना या डोमिनिकन प्राध्यापकाने सालामान्कात फिरणाऱ्या सतरा आक्षेपार्ह विधानांची यादी करून वर पाठवली. चौकशीला दिएगो गोन्सालेस हा मुरलेला इन्क्विझिटर सालामान्कात आला. 6 मार्च 1572 रोजी लुईस आपण होऊन त्याच्यापुढे गेला, व्हल्गेटवरच्या व्याख्यानाची आणि ‘गीतरत्ना’ची हकीकत लेखी देऊन आला आणि काही चुकलं असेल तर दुरुस्त करायला तयार असल्याचं सांगून आला. याचा उपयोग झाला नाही. 22 मार्चला ग्राहाल धरला गेला, 27 मार्चला लुईस वायादोलिदच्या कोठडीत होता.

या न्यायाची चाल समजून घेण्यासारखी आहे, कारण त्यातली प्रत्येक पायरी कागदावर निर्दोष दिसते. आधी तक्रार. मग तक्रारीतली विधानं वेगळी काढून धर्मशास्त्र्यांच्या मंडळाकडे मत द्यायला जातात. ही विधानं कुणाची, कुठल्या वाक्याच्या आगेमागे आलेली, हे त्यांच्यापुढे नसतं. त्यांनी ‘पाखंडी’ किंवा ‘पाखंडाचा वास येणारं’ असा शेरा मारला की अटक. अटकेबरोबर मालमत्तेवर टाच, आणि कैद्याच्या पोटाचा खर्च त्याच मालमत्तेतून. बाहेरची बातमी आत नाही, आतली बाहेर नाही. मिस्सेची उपासना नाही, पापनिवेदन नाही, ख्रिस्तशरीराचा प्रसाद नाही; धर्मगुरूला ही शिक्षा निकालाआधीच सुरू होते. लिहायला कागद मागितला तर मिळतो, पण चिटणिसाच्या सहीचा, मोजून. आणि लिहिलेला असो वा कोरा, मोजून परत करायचा.

पहिल्या जबानीत वंशावळ विचारतात, प्रार्थना म्हणून दाखवायला लावतात आणि मग प्रश्न येतो: तुला का पकडलं असेल असं तुला वाटतं? आरोप सांगितलेला नसतो. तीन वेळा ताकीद मिळते की मनात असेल ते बोलून मोकळा हो. या तीन ताकिदींत माणूस काय काय बोलून बसतो यावर निम्मे खटले उभे राहत. मग सरकारी फिर्यादी आरोपपत्र वाचतो आणि कैद्याने कलमागून कलम तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. वकील मिळतो, पण न्यायासनाच्याच पदरचा, आणि त्याला भेटायचं ते न्यायाधीशासमोर.

मराठी वाचकाला यातलं काही अगदीच परकं वाटू नये. गोव्यातलं इन्क्विझिशन 1560 ते 1812 चाललं. मधली 1774 ते 1778 ही चार वर्षं काय ती बंद. ते पोर्तुगीज राजाचं, हे स्पॅनिश राजाचं, माणसं वेगळी, पण तीन ताकिदी आणि निनावी साक्षी दोन्हीकडे त्याच. शार्ल देलों या फ्रेंच वैद्याने गोव्याच्या त्या ‘व्हडल्या घरा’तल्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या मोठ्या वाड्यातल्या कैदेचं वर्णन 1687 साली प्रसिद्ध केलं. आपल्याला का धरलं हे ओळखण्याचा खेळ त्यालाही असाच खेळावा लागला होता.

लुईसच्या खटल्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा आला मार्च 1573 मध्ये, अटकेला वर्ष होत आलं तेव्हा. याला म्हणत साक्षींचं प्रकाशन. प्रकाशन कसलं! साक्षीदाराचं नाव खोडलेलं. जागा खोडलेली. साक्षीदार ओळखू येईल असा तपशील गाळलेला. ‘मी’ म्हणून दिलेली जबानी तृतीय पुरुषी केलेली: एका साक्षीदाराने शपथेवर सांगितलं की एका व्यक्तीकडून त्याने ऐकलं, इत्यादी. अशा साक्षीला उत्तर द्यायचं तर आधी ती कुणाची ते ओळखायला हवं. कारण बचावाचा एकच भक्कम मार्ग होता: साक्षीदार माझा जुना वैरी आहे असं सिद्ध करणं. त्यासाठी वैऱ्याचं नाव कैद्याने स्वतःहून सांगायचं, वैराचं कारण द्यायचं आणि ते वैर ज्यांना माहीत आहे अशा माणसांची नावं द्यायची. त्यांत आपले नातेवाईक आणि नोकरचाकर चालत नसत. नाव चुकलं तर बाण फुकट. शिवाय ज्याचा संबंध नाही त्याच्याशी वैर असल्याचं तुम्ही स्वतःच नोंदवून ठेवलेलं असतं.

इथे लुईसचं खरं शिक्षण कामाला आलं. जुन्या हस्तलिखितात लेखकाचं नाव नसलं तरी शब्दांच्या लकबीवरून, त्याला काय माहीत आहे आणि काय नाही यावरून, तो कुठे अडखळतो यावरून माणूस ओळखता येतो. हिब्रू आणि ग्रीक पाठांवर आयुष्यभर जे केलं तेच त्याने साक्षींवर केलं. हे वाक्य फक्त वाताब्लूसच्या बैठकीत बोललं गेलं, तिथे हजर इतकेच; त्यांतल्या ज्याला हिब्रू येत नाही तोच असा घोटाळा करील; म्हणजे कास्त्रो. ही विधानं माझ्या तोंडची नाहीत, यादीवरून उतरवलेली आहेत, आणि यादी करणारा मेदिना. साक्षीदारामागून साक्षीदार त्याने नावानिशी उभा केला आणि बहुतेक वेळा त्याचा नेम बरोबर लागला. मग प्रत्येकाच्या वैराचा इतिहास: कुठलं अध्यासन, कुठली निवडणूक, कुठली चारचौघांतली बोलाचाली. ऑगस्टिनियन संघातले स्वतःचे गुरुबंधूही त्या साक्षीदारांत होते आणि त्यांनाही त्याने सोडलं नाही.

या उत्तरांचा सूर सौम्य नाही. माणूस खवळलेला आहे, टोमणे मारतो, एका साक्षीदाराला सरळ मूर्ख ठरवतो. डोमिनिकन आणि हिएरोनिमाइट हे दोन्ही संघ सरसकट आपले शत्रू आहेत असंही लिहून मोकळा होतो, आणि ही त्याच्या बचावातली कमकुवत बाजू आहे. सगळेच वैरी म्हटले की कुणीच वैरी ठरत नाही. पण नेमकेपणात तो कुठेही ढिला पडत नाही. व्हल्गेटबद्दलचं मतही त्याने मागे घेतलं नाही. मी काय म्हणालो, काय म्हणालो नाही, आणि म्हणालो ते आधी कुणाकुणा मान्यवर शास्त्र्यांनी म्हटलेलं आहे, असे तीन रकाने धरून तो लिहीत राहिला. ज्या विद्येमुळे तो आत आला होता त्याच विद्येने तो स्वतःची बाजू लढवत होता, आणि समोरच्या न्यायाधीशांपैकी किती जणांना ती कळत होती याची मला शंकाच आहे.

तरीही वर्षं गेली. खटल्यात क्रौर्य असेल तर ते इथे आहे. धर्मशास्त्रातला तज्ज्ञ सल्लागार निवडण्याचा कैद्याला हक्क होता. लुईसने सेबास्तिआन पेरेसचं नाव दिलं. त्यावर हरकती, त्याच्या कुळशुद्धीची चौकशी, महिने. शेवटी लुईसने मान्सिओ दे कोर्पुस क्रिस्ती या डोमिनिकनाला मान्यता दिली. तो 1574च्या ऑक्टोबरात आला, कागद पाहिले, निघून गेला आणि लवकर परतला नाही. लुईसला वाटलं हाही त्यांतलाच, त्याने नापसंती कळवली. प्रत्यक्षात मान्सिओने पुढे मत दिलं ते लुईसच्या बाजूने. कोठडीत बसून बाहेरच्या माणसाचं मन वाचता येत नाही; साक्षी वाचण्याची कला तिथे चालत नाही. 1575च्या उन्हाळ्यात तो तापाने पडला होता, सोबतीला एक भोळसट पोरगा, आणि वेळेवर खायला न मिळाल्याने भोवळ येई, असं त्याने लिहून कळवलं आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात ग्राहाल त्याच तुरुंगात मेला. त्याआधी 1573 मध्ये अलोन्सो गुदिएल हा आणखी एक बायबलचा प्राध्यापक कोठडीतच गेला होता. कुणालाही देहदंड झालेला नव्हता. निकालच लागलेला नव्हता.

दरम्यान सालामान्कातल्या दुरांदूसच्या अध्यासनाची चार वर्षांची मुदत 1573 मध्ये संपली आणि ते मेदिनाला मिळालं. यावर वेगळं भाष्य करायला नको. त्याच मेदिनाने 1577 च्या ग्रंथात मांडलेला सिद्धान्त नीतिशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे: एखादं मत संभवनीय असेल तर त्याच्या विरुद्धचं मत अधिक संभवनीय असलं तरी पहिलं मत धरून चालायला हरकत नाही. ही सवलत 1571 साली त्याने लुईसला दिली असती तर बराच कागद वाचला असता.

28 सप्टेंबर 1576 रोजी वायादोलिदच्या न्यायासनाने मतं दिली. चौघांचं मत पडलं की कैद्याला यातना देऊन त्याचा हेतू काय होता ते वदवून घ्यावं. प्रकृती नाजूक म्हणून बेताने. बाकीच्यांतल्या दोघांनी कानउघाडणीसारखे सौम्य उपाय पुरे म्हटलं. मतं फुटल्यामुळे प्रकरण माद्रिदच्या सर्वोच्च मंडळाकडे गेलं. तिथे 1573 पासून गास्पार दे किरोगा हा प्रमुख होता, आणि तो शहाणा माणूस. 7 डिसेंबरला मंडळाने वायादोलिदचा निर्णय फिरवला: खटल्यातून मुक्त करा, पुढे जपून बोलायची ताकीद द्या, ‘गीतरत्ना’ची वही जप्त करा. यातना न देता, कसलीही शपथ घेऊन मत मागे घ्यायला न लावता. चार माणसांच्या मतावर एका वरच्या सहीने पाणी पडलं, इतकंच ते अंतर होतं.

30 डिसेंबरला तो सालामान्कात परतला तेव्हा ढोल-कर्णे वाजवत लोक सामोरे गेले. दुरांदूसच्या अध्यासनावर आता एक बेनेडिक्टाइन धर्मगुरू होता. त्याला हटवून मला बसवू नका असं लुईसने स्वतः सांगितलं, तेव्हा विद्यापीठाने 200 दुकातांच्या वेतनावर त्याच्यासाठी नवी व्याख्यानं सुरू केली. 29 जानेवारी 1577 रोजी तो वर्गावर उभा राहिला, आणि ‘काल आपण म्हणत होतो...’ असं म्हणून त्याने पाच वर्षांपूर्वीचा धागा उचलला, ही गोष्ट स्पेनमधल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. गोष्ट सुंदर आहे. पण ती छापलेली सापडते पहिल्यांदा 1623 साली, आणि तीही म्युनिकमध्ये. शिवाय अध्यासन नवं, विषय नवा. कालचा धागा उचलणार कुठून? आणि खटल्यातला लुईस ज्याने नीट वाचला आहे त्याला असंही वाटेल की इतका समंजस विसर या माणसाच्या स्वभावात बसत नाही. सुटकेवरची त्याची एक छोटी कविता आहे. तिच्या पहिल्या दोन ओळींतच मत्सर आणि खोटेपणा यांनी मला इथे डांबून ठेवलं होतं असं तो सांगतो.

पुढची वर्षं त्याने गप्प बसून काढली नाहीत. 1579 मध्ये बायबलचं अध्यासन जिंकलं, तेही कवी गार्सिलासोच्या डोमिनिकन मुलाविरुद्ध, आणि त्यावरही कज्जा झाला. 1580 साली ‘गीतरत्ना’वरचं विवरण लॅटिनमध्ये छापून काढलं; लॅटिनला बंदी नव्हती. त्याच्यासोबत सव्विसाव्या स्तोत्रावरचं विवरण होतं, कोठडीत लिहिलेलं. हिब्रू आणि मराठी बायबलात हे स्तोत्र सत्ताविसावं येतं. त्यात खोटे साक्षीदार माझ्यावर उठले आहेत अशी ओळ आहे, तेव्हा निवड का केली हे सांगायला नको. 1582 साली दैव आणि मानवी इच्छास्वातंत्र्य या वादात त्याने एका जेझुइटाची बाजू घेतली, पुन्हा तक्रार झाली, पुन्हा चौकशी; 1584 च्या फेब्रुवारीत किरोगाने तोलेदोत बोलावून समज दिली आणि सोडलं. याच्या मध्येच, 1583 साली, ‘ख्रिस्ताची नावं’ हा त्याचा मोठा ग्रंथ स्पॅनिशमध्ये आला. बायबल लोकांच्या हाती देता येत नसेल तर त्याचा गाभा तरी त्यांच्या भाषेत द्यावा असा त्यामागचा विचार त्याने प्रस्तावनेत मांडला आहे. 1588 मध्ये त्याने तेरेसा दे हेसूसचं, म्हणजे आविलाच्या संत तेरेसाचं, लेखन संपादित करून छापलं. नकलाकारांनी ‘सुधारलेली’ तिची वाक्यं त्याने मूळ हस्ताक्षरावरून परत जशीच्या तशी बसवली.

14 ऑगस्ट 1591 रोजी माद्रिगालच्या सभेत संघाने त्याला कास्तील प्रांताचा प्रमुख निवडलं. 23 ऑगस्टला तो तिथेच वारला. स्पॅनिशमधलं ‘गीतरत्न’ छापलं गेलं 1798 साली.

आणि व्हल्गेट? ट्रेंटने अधिकृत ठरवलेल्या त्या पाठाची शुद्ध प्रत खुद्द रोमलाच काढावी लागली. सिक्स्टस पाचव्या पोपने स्वतः हात घालून तयार केलेली आवृत्ती 1590 मध्ये निघाली. त्याच ऑगस्टात पोप वारला आणि प्रती मागे घ्याव्या लागल्या, इतके दोष तिच्यात होते. 1592 साली क्लेमेंट आठव्याच्या कारकिर्दीत दुसरी आवृत्ती आली, हजारो ठिकाणी बदललेली. तिच्या प्रस्तावनेत छापलं आहे की काही जागा विचारपूर्वक बदलल्या आहेत, आणि ज्या बदलायला हव्यात असं वाटलं अशा आणखी काही जागा विचारपूर्वकच तशा ठेवल्या आहेत.